स्टेनगन: घाईतली निर्मिती आणि न लागलेला हिशेब

दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या जूनमध्ये, फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डंकर्कहून ब्रिटिश फौज परत आली ती जवळजवळ रिकाम्या हातांनी. माणसं वाचली, फ्रेंच धरून सव्वातीन लाखांहून जास्त. पण तोफा, रणगाडे, ट्रक आणि मशीनगन किनाऱ्यावरच राहिल्या. पुढचा हल्ला खुद्द इंग्लंडवर होणार, अशीच सगळ्यांची धारणा होती. त्या उन्हाळ्यात ब्रिटिश युद्धखात्यासमोर जी टंचाईची यादी होती, तिच्यात एक हत्यार असं होतं की ज्याची गरजच त्यांनी वर्षानुवर्षं नाकारली होती. ते म्हणजे सबमशीनगन.

रायफल लांब पल्ल्याची, पण एका वेळी एक गोळी झाडणारी. मशीनगन सलग मारा करते, पण ती वाहायला दोन-तीन माणसं लागतात. सबमशीनगन या दोन्हींच्या मधली. गोळी पिस्तुलाची, पल्ला शे-दीडशे मीटरचा, पण चाप दाबून ठेवला की मॅगझिन, म्हणजे काडतुसांचा डबा, रिकामं होईपर्यंत फैर चालू. खंदकात, घराच्या जिन्यात, जंगलात हिच्याइतकं सोयीचं हत्यार नाही. जर्मनांकडे एमपी-३८ आणि एमपी-४० होत्या. ब्रिटिश वरिष्ठांच्या लेखी मात्र हे शिकागोच्या गुंडांचं हत्यार होतं, सभ्य पलटणीला न शोभणारं.

डंकर्कनंतर हा तोरा उतरला. अमेरिकेकडून थॉम्पसन मागवायला सुरुवात झाली. थॉम्पसन बंदूक म्हणून देखणी होती. पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढलेलं अंग, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, सगळं नीट पॉलिश केलेलं. किंमतही त्याच तोलाची, सुमारे २०० डॉलर. त्यात ती अटलांटिक ओलांडून येणार, आणि अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या टपून बसलेल्या. पैसा संपत होता, जहाजं बुडत होती आणि लागणार होत्या लाखो बंदुका.

या प्रकरणाचा अभ्यास युद्धकथा म्हणून पुष्कळदा झाला आहे. मला तो उत्पादनाचं प्रकरण म्हणून जास्त रोचक वाटतो. माझा पिंड कारखान्यातला. आणि माझ्या मते या बंदुकीचं पुढे जे काही झालं, ते सगळं पहिल्या दोन महिन्यांतल्या एका निर्णयातून निघालं: ही वस्तू टिकवायची नाही, फक्त आजची नड भागवायची.

पहिला प्रयत्न: उसनी नक्कल, जुनी सवय

आधी ब्रिटिशांनी सोपा मार्ग धरला. जर्मनांची जुनी एमपी-२८ समोर ठेवून तिची नक्कल केली आणि तिला लँचेस्टर असं नाव दिलं. ही बंदूक डॅगनमच्या स्टर्लिंग कंपनीने बनवली. नक्कल उत्तम झाली, नको इतकी उत्तम. मॅगझिनचं घर पितळेचं, दस्ता नेहमीच्या रायफलसारखा लाकडी, वर संगीन लावायची सोय. नौदलाने ती घेतली आणि पुढे बरीच वर्षं वापरली. पण लाखांच्या आकड्यात ती निघणं शक्य नव्हतं. घर जळत असतानाही सुताराला रंधा मारल्याशिवाय चैन पडू नये, तसला हा प्रकार.

मग एन्फिल्डच्या सरकारी शस्त्र कारखान्यात दोन माणसं कामाला लागली. मेजर रेजिनाल्ड शेफर्ड आणि आरेखक हॅरॉल्ड टर्पिन. १९४१ च्या जानेवारीपर्यंत नमुना तयार झाला. शेफर्डचा एस, टर्पिनचा टी आणि एन्फिल्डची पहिली दोन अक्षरं जोडून नाव पडलं स्टेन. चाचण्या झाल्या, मंजुरी मिळाली आणि त्याच वर्षी उत्पादन सुरूही झालं. कागदावरच्या रेषेपासून सैनिकाच्या हातापर्यंतचा हा प्रवास वर्षाच्या आत झाला. आपल्याकडे एका कार्बाइनच्या, म्हणजे आखूड बंदुकीच्या, निविदेला किती वर्षं लागली ते पुढे येईलच.

बंदूक जवळून

स्टेनचा दुसरा प्रकार, म्हणजे मार्क-२, सगळ्यात जास्त बनला. वीस लाखांहून अधिक. तो हातात घेतलेल्या माणसाची पहिली प्रतिक्रिया बहुधा एकच असते: हे अजून पुरं झालेलं दिसत नाही. एक पोलादी नळकांडं, पुढे आखूड बॅरल, मागे सळईचा किंवा पाइपचा दस्ता, डाव्या बाजूला आडवं निघालेलं मॅगझिन. वेल्डिंगच्या गाठी तशाच दिसतात. घासून-पुसून काढायला वेळ नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. वजन साधारण तीन किलो. एकूण सुटे भाग ४७.

पण या ओबडधोबड दिसण्यामागे डोकं पक्कं होतं. कातकाम म्हणजे लेथ आणि मिलिंगवरचं काम प्रामुख्याने बोल्ट (नळकांड्यात मागे-पुढे सरकणारा ठोकळा) आणि बॅरलपुरतंच ठेवलं. बाकीचं पत्रा कापून, प्रेसवर दाबून, वाकवून आणि झाळून करायचं. इंग्लंडमधले चांगले कारागीर आणि चांगली यंत्रं तेव्हा विमानांची इंजिनं आणि रायफली बनवण्यात अडकली होती. त्यांना हात न लावता बंदूक बनली पाहिजे, ही खरी अट होती. शेफर्ड आणि टर्पिन यांनी अट नेमकी ओळखली. सुट्या भागांची कामं लहान-लहान वर्कशॉपांना वाटली गेली. ज्यांनी आयुष्यात कधी बंदूक हातात धरली नव्हती अशा माणसांनी तिचे भाग बनवले. जोडणी मोठ्या कारखान्यांत, लिव्हरपूलजवळ फझाकर्लीला, बर्मिंगहॅममध्ये बीएसएकडे आणि कॅनडात लाँग ब्रँचला.

मार्क-३ ची गोष्ट तर आणखी गमतीची. ती बनवणारी मुख्य कंपनी लाइन्स ब्रदर्स. ही मंडळी युद्धाआधी ट्राय-अँग नावाने मुलांची खेळणी बनवत. पत्र्याच्या मोटारी, तीनचाकी सायकली. पत्रा वाकवून टिकाऊ आणि स्वस्त वस्तू कशी करायची, हे त्यांना बंदूक कारखान्यातल्या कोणाही फोरमनपेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांनी बाहेरचं नळकांडं पाइपचं न करता एकाच पत्र्यातून वळवलं आणि वर शिवण वेल्ड केली. ही शिवण आजही मार्क-३ ची ओळख आहे. या कंपनीने साडेआठ लाखांहून जास्त स्टेन बनवल्या. ज्याने प्रेस शॉपमध्ये एखादी पाळी काढली आहे, त्याला या निवडीतलं शहाणपण वेगळं सांगावं लागणार नाही.

किंमत? एका बंदुकीला दोन ते तीन पौंड. त्या काळच्या दराने दहा-बारा डॉलर. म्हणजे एका थॉम्पसनच्या पैशात पंधरा-वीस स्टेन. युद्ध संपेपर्यंत सगळे प्रकार मिळून सुमारे ४० लाख बनल्या.

दोष

स्वस्ताईचे चटकेही लगेच बसायला लागले. सैनिकांनी तिला प्लंबरचं दुःस्वप्न म्हटलं, दुर्गंधी बंदूक म्हटलं, वूलवर्थ गन म्हटलं. वूलवर्थ हे तिकडचं स्वस्त सामानाचं दुकान.

सगळ्यात मोठी कटकट मॅगझिनची. त्यात ३२ काडतुसं दोन रांगांत बसत, पण वर तोंडाशी दोन्हींची एकच रांग व्हायची. दोन रस्त्यांची वाहतूक एका गल्लीत घुसली की जे होतं तेच इथे व्हायचं. त्यातून तोंडाशी असलेल्या पत्र्याच्या कडा थोड्या जरी वाकल्या, धूळ जरी बसली, की गोळी तिरकी अडकायची. ही रचना जर्मनांकडूनच उचललेली होती, म्हणजे दोषही उसना. अनुभवी सैनिक ३२ ऐवजी २८-३० काडतुसंच भरत. नवखा सैनिक आडव्या मॅगझिनला मूठ समजून तिथेच घट्ट पकडायचा. त्याने मॅगझिन हलून अडकण्याचा धोका आणखी वाढायचा.

दुसरा दोष जास्त भयंकर. स्टेनचा बोल्ट गोळी झाडण्याआधी मागे अडकवलेला असतो. चाप ओढला की तो पुढे झेपावतो, वाटेत काडतूस ढकलत नेतो, आणि त्याच दणक्यात गोळी सुटते. ही पद्धत सोपी आणि स्वस्त, वेगळी हातोडी नको, वेगळी फायरिंग पिन नको. पण बंदूक दस्त्यावर आपटली, ट्रकमधून खाली पडली, तर पुढे असलेला बोल्ट झटक्याने मागे जाऊन परत पुढे येऊ शकत असे, आणि मग चापाला कोणी हात न लावताही गोळी सुटे. अशा अपघातांत आपल्याच माणसांचे जीव गेले.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डिएपच्या मोहिमेत कॅनडियन सैनिकांच्या हाती ऐन वेळी नव्याकोऱ्या स्टेन पडल्या आणि त्यांनी नको तिथे दगा दिला. पुढे १९४४ मध्ये मार्क-५ आली. लाकडी दस्ता, मूठ, संगीन. हॉलंडमधल्या आर्नेमच्या लढाईत छत्रीधारी सैनिकांकडे हीच होती. दिसायला सुधारली, पण मॅगझिन तेच राहिलं. ते बदलायचं तर लाखो तयार मॅगझिन भंगारात घालावी लागली असती. एकदा चुकीचा भाग लाखांत निघाला की तो सुधारण्यापेक्षा सोसणं स्वस्त पडतं. हे गणित ऑटोमोबाइलच्या धंद्यातली माणसं चांगली ओळखतात.

या दोषाची सगळ्यात गाजलेली घटना २७ मे १९४२ ची, प्रागमधली. नाझींचा तिथला सर्वेसर्वा राइनहार्ट हाइड्रिख उघड्या मोटारीतून रोजच्या रस्त्याने निघाला होता. रस्त्याचं वळण इतकं तीव्र की मोटारीला वेग कमी करावाच लागे. त्याला मारायला ब्रिटनमधून आलेल्या दोन चेकोस्लोव्हाक सैनिकांपैकी योसेफ गॅबचिक कोटाखालून स्टेन काढून मोटारीसमोर आला, नेम धरला, चाप ओढला. काहीच झालं नाही. बंदूक अडकली होती. हाइड्रिख पळून जाण्याऐवजी मोटार थांबवायला सांगून पिस्तूल काढू लागला, आणि तेवढ्यात गॅबचिकचा साथीदार यान कुबिशने बाँब फेकला. बाँब मोटारीच्या मागच्या चाकाशी फुटला. तुकडे हाइड्रिखच्या शरीरात घुसले आणि ४ जूनला तो मेला. सूड म्हणून जर्मनांनी लिडित्से गाव जमीनदोस्त केलं. मोहीम फत्ते झाली ती स्टेनमुळे नव्हे, तिच्या साथीला दुसरा माणूस होता म्हणून.

पसरणं

इथून पुढचा भाग मला या प्रकरणाचा गाभा वाटतो.

थॉम्पसन २०० डॉलरची, तेव्हा ती कोणाच्या हाती जाते याकडे लक्ष ठेवलं जायचं. स्टेन दोन पौंडांची. व्याप्त युरोपातल्या गुप्त गटांना ब्रिटिशांनी त्या विमानातून पेट्याच्या पेट्या टाकल्या. फ्रान्स, डेन्मार्क, नॉर्वे, हॉलंड. काही पेट्या नेमक्या हातात पडल्या, काही शेतात, काही तळ्यात, काही थेट जर्मनांच्या ताब्यात. रात्री पॅराशूटने टाकलेल्या पेटीची पावती कोण देणार?

जी बंदूक खेळण्यांच्या कारखान्यात बनू शकते, ती कुठेही बनू शकते, हे लवकरच सिद्ध झालं. डेन्मार्क आणि नॉर्वेमध्ये गुप्त गटांनी तिच्या नकला केल्या. पोलंडमध्ये होम आर्मी या गुप्त सेनेने तर स्टेन आणि जर्मन एमपी-४० यांचा मेळ घालून ब्लिस्काविचा नावाची स्वतःची बंदूक काढली. अशा सुमारे ७०० बनल्या. ऑस्ट्रेलियाने ऑस्टेन नावाने स्वतःची आवृत्ती काढली, पण तिथल्या सैनिकांना देशी ओवेन गनच जास्त आवडली.

आणि शेवटी नक्कल केली ती खुद्द जर्मनांनी. १९४४ च्या अखेरीस माउझर कंपनीने मार्क-२ ची हुबेहूब प्रत काढली, अगदी ब्रिटिश छापांसकट. पुढे पराभव समोर दिसू लागला तेव्हा म्हाताऱ्या आणि पोरसवदा लोकसेनेसाठी मॅगझिन खाली घेतलेली आणखी एक प्रत, एमपी-३००८. चार वर्षांपूर्वी ज्यांच्या बंदुकीची नक्कल करून लँचेस्टर काढली होती, तेच आता आपल्या पत्र्याच्या बंदुकीची नक्कल करत होते. नड सगळ्यांना एकाच रस्त्यावर आणते.

या गुप्त प्रतींवर क्रमांक नसायचे, असले तर मनाने घातलेले. म्हणून ४० लाख हा आकडा फक्त अधिकृत उत्पादनाचा. खऱ्या स्टेन किती होत्या, ते कोणत्याच वहीत नाही.

युद्ध संपलं तरी नवं काम लगेच मिळालं. ब्रिटिश पॅलेस्टाइनमध्ये हगाना या ज्यू संघटनेने गुप्त वर्कशॉपांत स्टेन बनवल्या. पण बंदुकीला गोळ्या हव्यात, आणि त्यांची सोय केलेली जागा आजही इस्रायलमधल्या रेहोवोतजवळ संग्रहालय म्हणून बघता येते. वर धोबीखाना आणि बेकरी, खाली सुमारे आठ मीटर खोल कारखाना. धोबीखान्याच्या यंत्रांचा आवाज खालचा आवाज झाकायचा. काडतुसांसाठी लागणाऱ्या धातूचं कारण विचारलं तर उत्तर तयार होतं: लिपस्टिकच्या डब्या बनवतो. दिवसभर जमिनीखाली राहून माणसं फिकट पडली तर शंका येईल, म्हणून त्यांना खास दिव्याखाली बसवून कातडी रापवली जाई. १९४५ ते १९४८ या काळात तिथे ९ मिलिमीटरच्या वीस लाखांहून अधिक गोळ्या निघाल्या. ब्रिटिशांनी आपल्या बचावासाठी काढलेली बंदूक ब्रिटिशांविरुद्धच उभी राहिली, आणि ही काही एकच जागा नव्हे.

आपल्याकडे

ब्रिटिश भारतीय फौजेतून स्टेन स्वतंत्र भारताच्या लष्करात आली. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात ती हातघाईच्या लढाईचं मुख्य हत्यार होती. त्या युद्धातल्या दोन परमवीर चक्रांच्या मानपत्रांत स्टेनगन नावानिशी येते. ६ फेब्रुवारी १९४८ ला नौशेराजवळ तैनधारच्या चौकीवर नाईक जदुनाथ सिंग यांची तुकडी नऊ जणांची. तिसऱ्या हल्ल्यापर्यंत बाकीचे मेले किंवा जखमी झाले होते. जखमी जदुनाथ सिंग स्टेनगन घेऊन एकटेच मोर्चाबाहेर पडले आणि चाल करून येणाऱ्यांवर तुटून पडले. त्याच वर्षी जुलैमध्ये टिथवालला कंपनी हवालदार मेजर पिरू सिंग यांनी स्टेनगन आणि हातबाँब घेऊन एकामागून एक मोर्चे जिंकले. दोघेही तिथेच पडले. प्रागमध्ये अडकलेली आणि इथे चाललेली, बंदूक तीच. मॅगझिनचा भरवसा नसलेलं हत्यार घेऊन माणूस एकटा पुढे जातो, हे मानपत्र वाचताना लक्षात ठेवलं पाहिजे.

१९७१ मध्ये, बांगलादेशच्या मुक्तियुद्धात, स्टेन पुन्हा पूर्वेकडे दिसते. मुक्तिवाहिनीच्या गनिमांच्या हातात सहज लपणारी, सहज शिकता येणारी बंदूक म्हणून ती रुळली. ढाका शहरात छुप्या कारवाया करणाऱ्या क्रॅक प्लॅटूनच्या तरुणांची ओळखच स्टेन आणि हातबाँब ही होती. युद्ध संपल्यावर प्रश्न पडला की ही शस्त्रं परत कशी घ्यायची. २४ जानेवारी १९७२ ला टांगाईलमध्ये कादेर सिद्दिकी यांच्या वाहिनीने शेख मुजीब यांच्यासमोर शस्त्रं खाली ठेवली. असा जाहीर समारंभ शस्त्रांच्या इतिहासात दुर्मीळ. तरी जी ठेवली तीच मोजता आली.

मधल्या काळात ब्रिटनने स्टेनची जागा भरून काढली होती. डॅगनमच्या त्याच कंपनीतल्या जॉर्ज पॅचेट यांची बंदूक १९५३ मध्ये स्टर्लिंग नावाने लष्करात आली. आडवं मॅगझिन राहिलं, पण आता वक्राकार, ३४ काडतुसांचं, आणि आत काडतुसं वर सरकवणारे छोटे रूळ. बोल्टवर तिरक्या खाचा पाडल्या, म्हणजे माती-चिखल आपसूक बाहेर पडतो. स्टेनच्या तक्रारींची यादी समोर ठेवून काढलेलं उत्तर म्हणावं असं हे काम. या स्टर्लिंगचंच भारतीय रूप १९६० च्या दशकापासून कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनू लागलं. लष्करात आणि पोलिसांत ती नाइन एमएम कार्बाइन. लोकांच्या तोंडी मात्र स्टेनगनच. मंत्र्यांच्या मागे उभा असलेला गार्ड मराठी बातमीत हमखास स्टेनगनधारी असायचा, भले त्याच्या हातातल्या बंदुकीवर कानपूरचा छाप असो.

हा गोंधळ एका मोठ्या घटनेतही आहे. ३१ ऑक्टोबर १९८४. इंदिरा गांधींवर सतवंत सिंगने स्टेनगन चालवली, असंच बहुतेकांच्या स्मरणात आहे, आणि त्या वेळच्या वार्तांकनातही तसंच आलं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८८ च्या निकालात मात्र एसएएफ कार्बाइन असा उल्लेख आहे, म्हणजे स्मॉल आर्म्स फॅक्टरीची. बेअंत सिंगने रिव्हॉल्वरमधून पाच गोळ्या झाडल्या, सतवंत सिंगने कार्बाइनमधून २५. पंचवीस गोळ्यांना या जातीच्या बंदुकीत जेमतेम तीन सेकंद लागतात. सरकारी शस्त्र, सरकारी कारखान्याचं, सरकारी नोंदवहीत सही करून घेतलेलं. इथे हिशेब चोख होता आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. मी या लेखात हिशेबाबद्दल इतकं बोलतो आहे, म्हणून ही दुसरी बाजूही ठेवणं भाग आहे.

उरलेल्यांचं काय झालं

बहुतेक स्टेन भंगारात गेल्या. वितळवल्या, कापल्या, काही समुद्रात टाकल्या. मित्रराष्ट्रांना दिलेल्या तिथून तिसरीकडे गेल्या. पण उरलेल्यांचं नशीब त्या कोणत्या देशात आहेत यावर ठरलं.

ब्रिटनमध्ये सलग फैर झाडणारी बंदूक खाजगी माणसाला ठेवता येत नाही. संग्राहकांसाठी मार्ग एकच, निकामी करून घेणं. १९८७ मध्ये हंगरफर्डला झालेल्या हत्याकांडानंतर पुढच्या वर्षी कायदा बदलला आणि निकामी करण्याचे नियम ठरले. १९९५ मध्ये ते आणखी कडक झाले. म्हणून तिकडच्या बाजारात २०१७ पर्यंत जुन्या नियमांनी आणि नव्या नियमांनी निकामी केलेल्या स्टेनमध्ये फरक करत. जुन्यातला बोल्ट मागे-पुढे हलतो, नवीत सगळं वेल्ड करून बसवलेलं. संग्राहक हलणाऱ्या बोल्टसाठी जास्त पैसे मोजत.

अमेरिकेत उलटा प्रकार. १९३४ च्या कायद्याने अशा बंदुकीची नोंदणी आणि २०० डॉलर कर लागला. २०० डॉलर, म्हणजे एका थॉम्पसनची किंमत. १९६८ मध्ये महिनाभर माफी देऊन लोकांना घरातल्या बेनोंदी बंदुका नोंदवायची संधी मिळाली. मग १९ मे १९८६ ला नोंदवहीच बंद झाली. त्या तारखेआधी नोंदलेली बंदूक विकता येते, त्यानंतरची सामान्य नागरिकाला नाही. पुरवठा गोठला, मागणी वाढत गेली, आणि दोन पौंडांची स्टेन आज तिथे हजारो डॉलरला जाते. तरीही ती अशा बंदुकांमधली स्वस्तच समजली जाते. ओबडधोबडपणाने तिची पाठ तिथेही सोडली नाही.

भारतात प्रश्न फार साधा आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने चाप दाबून धरला की सुटत राहणारी बंदूक प्रतिबंधित शस्त्रांत मोडते आणि केंद्र सरकारच्या विशेष परवानगीशिवाय ती जवळ बाळगता येत नाही. आजोबांची लष्करातली आठवण म्हणून माळ्यावर ठेवली होती, हे म्हणणं न्यायालयात टिकत नाही. वारशात अशी वस्तू निघालीच तर हात न लावता पोलिसांना कळवावं, यापलीकडे सल्ला नाही.

चित्रपटांतही तिच्या वारसदाराची सोय लागली. १९७७ च्या गाजलेल्या हॉलिवूड अवकाशपटातल्या पांढऱ्या चिलखती शिपायांच्या हातातल्या किरणबंदुका म्हणजे दुर्बीण आणि पट्ट्या चिकटवलेल्या खऱ्याखुऱ्या स्टर्लिंग होत्या. नीट पाहिलं तर डावीकडचं मॅगझिनचं घर दिसतं.

पाषाण

कानपूरची कार्बाइन भारतीय लष्करात म्हातारी झाली तरी तिची जागा घ्यायला कोणी येईना. २०१० नंतर सुमारे ४४ हजार नव्या कार्बाइनची निविदा निघाली आणि रद्द झाली. २०१८ मध्ये तातडीच्या खरेदीत सुमारे ९४ हजारांसाठी परदेशी बंदूक निवडली गेली. तोही सौदा २०२० मध्ये बारगळला. एन्फिल्डच्या दोन माणसांनी वर्षाच्या आत जे केलं, त्याला इथे दशकही पुरलं नाही. तुलना थोडी अन्यायाची आहे, त्यांच्या दाराशी शत्रू उभा होता. पण अगदीच अन्यायाची नाही.

उत्तर शेवटी पुण्यातून आलं. पाषाणची शस्त्र संशोधन आणि विकास संस्था, म्हणजे एआरडीई. २०२१ च्या जानेवारीत या संस्थेने आणि महूच्या इन्फंट्री स्कूलने मिळून ९ मिलिमीटरची अस्मी ही मशीन पिस्तूल जाहीर केली. लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी ती चार महिन्यांत उभी केली. वरचा भाग विमानाच्या दर्जाच्या ॲल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा, काही भागांना थ्री-डी प्रिंटिंग. उत्पादन खर्च ५० हजारांच्या आत सांगितला गेला. २०२४ मध्ये लष्कराच्या उत्तर कमांडसाठी तिच्या ५५० नगांची मागणी नोंदवली गेली. प्रत्यक्ष बनवते हैदराबादची कंपनी.

कार्बाइनची मोठी निविदा मात्र वेगळीच. सुमारे सव्वाचार लाख नग, पिस्तुलाच्या गोळीऐवजी ५.५६ मिलिमीटरची रायफलची गोळी. २०२५ मध्ये पुण्याची भारत फोर्ज यात सर्वांत कमी बोलीची ठरली, आणि तिच्या कार्बाइनचं आरेखन पाषाणचंच. सबमशीनगन नावाचा प्रकारच लष्करी वापरातून मागे पडत चालला आहे, कारण चिलखत अंगावर असलेल्या माणसापुढे पिस्तुलाची गोळी फारशी चालत नाही. ९ मिलिमीटरला जागा उरली ती पोलिसांकडे, कमांडोंकडे आणि रणगाड्यातल्या माणसांकडे.

२००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने लहान शस्त्रांवर उत्पादनाच्या वेळीच ओळखचिन्ह कोरण्याचा आणि त्यावरून माग काढण्याचा आंतरराष्ट्रीय दस्तऐवज स्वीकारला. पाषाणच्या आरेखनावरून निघणाऱ्या प्रत्येक कार्बाइनवर निर्माता, वर्ष आणि क्रमांक असणार. कोपनहेगनच्या एखाद्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात १९४४ साली बनलेल्या स्टेनवर यातलं काहीच नव्हतं, आणि त्या बंदुकांपैकी एखादी आज कुठे सापडली तर तपास अधिकारी पंचनाम्यात फक्त ‘स्टेन बनावटीची’ एवढंच लिहू शकतो.